दृढीकरणापासून लग्नापर्यंत मुलं असतात कुठं?

जालनेकरीण

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा वर्ग) घेते. हजेरीवह्या माझ्याकडे असतात म्हणून हे डोळ्यांत भरतं. आठ-दहा वर्षांची लेकरं रविवारी बाकांवर मावत नाहीत. पंधरा-सोळाव्या वर्षी दृढीकरण होतं, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेलं मूल आपला विश्वास स्वतः कबूल करतं, बिशप डोक्यावर हात ठेवतात, आई नवी साडी नेसते, मामा-मावश्या येतात, जेवणं होतात. त्यानंतर ते पोरगं दिसतं ते थेट लग्नाच्या अर्जावर सही करताना. मधली दहा-बारा वर्षं वही कोरी.

कारण विचारलं की मंडळीत ठरलेली उत्तरं मिळतात. मोबाईल. जगाची ओढ. पुणे. प्रार्थना कमी पडते. मला ही उत्तरं पुरेशी वाटत नाहीत. पुण्याला गेलेली काही मुलं तिथं दर रविवारी चर्चला जातात, मला फोटो पाठवतात. आणि इथं चर्चच्या भिंतीला भिंत लागून राहणारा मुलगा येत नाही. मोबाईल दोघांकडे आहे.

माझं म्हणणं असं, की सोळा ते अठ्ठावीस वयाच्या माणसाला आपल्या मंडळीत काम नाही आणि बोलायला जागाही नाही. लहानपणी वचनं पाठ करायची असतात. लग्न झालं की बायकांना महिला मंडळ आहे, पुरुषांना चर्चचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी. मधे काय? नाताळला स्टार बांधा, खुर्च्या लावा, तरुण संघाच्या नावानं वर्षातून एक सहल काढा. वीस वर्षांचा मुलगा कारखान्यात लाखाचं मशीन चालवतो आणि आपण त्याच्यावर खुर्च्या मोजण्यापलीकडे काही सोपवत नाही.

एक विनंती, अमेरिकेतले सर्व्हे इथं चिकटवू नका. तिकडं माणूस 'माझा कुठलाच धर्म नाही' असं सांगून मोकळा होतो. आपल्याकडे घर, सोयरीक, दफनभूमी, जातीचा दाखला, सगळं धर्माला बांधलेलं असतं, त्यामुळे जाणारा सांगून जात नाही. नाव यादीत राहतं.

ज्यांची मुलं येत नाहीत त्यांनी, जे स्वतः येत नाहीत त्यांनी आणि पाळकांनीही लिहावं. मंडळीचं किंवा पाळकाचं नाव घेऊ नये. उपदेश नको.

निवृत्त_मास्तर

ताई, चांगला विषय काढलात. थोडं मागचं सांगतो.

नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं तेव्हा निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. प्रार्थनामंदिराभोवती अख्खं गाव उभं राहिलं. पुढं मिशन कंपाउंडचंही तसंच. माझ्या वडिलांची शाळा मिशनची, नोकरी मिशनच्या शाळेत, आमची बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात, राहायला कंपाउंडातली खोली. चर्चपासून लांब जायचं म्हटलं तरी जाणार कुठं?

म्हणून ती माणसं आजच्यापेक्षा जास्त भक्तिमान होती असं मी म्हणणार नाही. रविवारी गैरहजर राहिलं की सोमवारी साहेबांपुढं उभं राहावं लागे. भक्तीला पोटाचाही आधार होता. आता पोट एमआयडीसीत गेलं, शिक्षण क्लासमध्ये गेलं, आणि चर्चकडे रविवारचा दीड तास उरला. त्या दीड तासात दम असेल तर मूल टिकेल. आमच्या पिढीला ही परीक्षा द्यावीच लागली नाही, तेव्हा 'आमच्या वेळी चर्च कसं भरायचं' हे आम्ही म्हाताऱ्यांनी जरा कमी सांगावं.

लातूर_रिपीटर

मी लातूरला दोन वर्षं नीटच्या क्लासला होतो. टेस्ट रविवारी सकाळी. लातूर पॅटर्नमध्ये सुट्टीचा वार नसतोच. पप्पांनी स्वतः सांगितलं, आधी नंबर लागू दे, चर्च कुठं पळून जात नाही. पप्पा कमिटीवर आहेत!

दोन वर्षांनी गावाकडं आलो नि चर्चला गेलो. दारातच एक काका म्हणाले, "काय डॉक्टरसाहेब, आली का प्रभूची आठवण?" नंबर लागला नव्हता हे त्यांना माहीत होतं. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. माझ्याकडं यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान नाही.

लातूरला चर्च आहेत, पण रविवारी संध्याकाळची भक्ती मला तरी सापडली नाही. क्लासवाल्या पोरांसाठी सहा वाजता अर्धा तास ठेवला असता तर आलो असतो. झोप लागली असती कदाचित, पण आलो असतो.

कोयतावाला_केज

आमच्याकडचं कुणी लिहीना म्हणून मी लिहायलो. आमचा बाप अजूनबी ऊसतोडीला जातो. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघती, पाडव्याच्या आसपास माघारी येती. आता मला सांगा, मंडळीचा समदा जोर कशावर? नाताळावर. कॅरल, नाटक, जेवण, नवी कापडं, सगळं डिसेंबरात. आमी तवा सांगली-कोल्हापूरकडं फडात. पंचवीस तारखेला बी गाडी भरायचीच असती, मुकादम काय सुट्टी देतो व्हय? उचल घेतलेली असती. मी चांगला मोठा होईस्तोवर चर्चमधला नाताळ बघितलेला न्हाई. आई कोपीवर वहीच्या पुठ्ठ्याचा तारा लावायची, दवानं भिजून दोन दिसात खाली यायचा.

मग गावात आलो की पोरं हसायची, ह्याला गाणी येत न्हाईत, ह्याला नाटकात घेऊ नका.

ईस्टर मातर आमाला गावात घावतो. तवा चर्चमधी काय असतंय? उत्तम शुक्रवारी तीन तास भाषणं आन् ईस्टरला पहाटंची एक भक्ती. जेवण न्हाई, नाटक न्हाई. पाळकसाहेबांना म्हणलो, मोठा सण ईस्टरला करा की, टोळीवाले समदे असतेत. म्हणले, बघू.

तुमी म्हणता तरुण का जातेत. आमी आत आलोच कवा ते सांगा आधी.

जालनेकरीण

केजकर दादा, ईस्टरचं हे मी आजवर कुठल्याच सभेत ऐकलेलं नाही. लिहीत राहा.

दोन_दाखले

मी सरकारी नोकरीत आहे. दाखल्यावर हिंदू आणि पुढं जात. आजोबांचा बाप्तिस्मा झाला होता, वडिलांचा झाला, माझाही झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. महाराष्ट्रात त्याला ओबीसीत धरतात. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, ते कागदावर राहिलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या खटल्यात सांगितलं, की ख्रिस्ती धर्म पाळत राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे.

गावात आमचा अपमान झाला तो जातीवरून झाला. बाप्तिस्म्याचा कागद बघून कुणी आमच्यासाठी पाणवठा मोकळा केला नव्हता. पण दाखल्याच्या वेळी तोच कागद आडवा येतो. जात पडताळणीचं नाव काढलं की आमच्या घरात अजून आवाज खाली येतो.

आता भक्ती यूट्यूबवर लाइव्ह असते. कॅमेरा सगळ्या बाकांवरून फिरतो. रात्री फेसबुकवर फोटो, खाली नावं टॅग केलेली. माझ्यासारख्यानं बसायचं कुठं? वर व्यासपीठावरून दरवर्षी एकदा ते वचन येतंच, माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मीही नाकारीन. सगळ्यांच्या माना आपोआप आमच्या बाकाकडं वळतात. मी जाणं सोडलं. माझ्याबरोबर मुलगी आणि मुलगाही सुटले, कारण त्यांना एकटं कोण पाठवणार?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही भरत नाहीत. त्यात माझ्या घरातलं कुणी धरलेलं नाही. कायदा बदला असं मी मंडळीला म्हणत नाही. कॅमेरा तेवढा वेदीकडं राहू द्या.

अग्निसेवा_परभणी

प्रेज द लॉर्ड. आमच्या फेलोशिपमध्ये तरुण भरभरून येतात, उभं राहायला जागा नसते. जुन्या चर्चमध्ये विधी उरलेत, आत्मा उरलेला नाही. कमिट्या आणि कोर्टकेसेस. उपवास-प्रार्थना सुरू करा, तरुण धावत येतील.

तबलजी

अग्निसेवा भाऊ, तुमच्याकडं तरुण येतात हे खरं. मी स्वतः एका फेलोशिपमध्ये वाजवायला जायचो. आत्म्याचं मला काय कळतंय, पण एक साधं कारण डोळ्यांनी बघितलं. तिथं सतरा वर्षांच्या पोराला कीबोर्डवर बसवतात, हातात माइक देतात, चुकलं तर चुकलं. आमच्या चर्चमध्ये पेटीला हात लावायचा तर आधीचा पेटीवाला मरावा लागतो.

पण तुमचं मागचं दारही रुंद आहे. आजार बरा झाला नाही की 'विश्वास कमी पडला' म्हणतात. पोरगं हे एकदा ऐकून घेतं. दुसऱ्यांदा त्याच्या आईबद्दल कुणी तसं म्हटलं की ते ना तुमच्याकडं येतं ना आमच्याकडं.

गाण्यांबद्दल थोडं अवांतर. तरुणांना मराठी भजन नको असतं ही थाप आहे. ना. वा. टिळकांचे अभंग टाळ-पखवाजावर लावा, होस्टेलची पोरं उठून नाचतात. तेच 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात धरून मयतीच्या चालीत ओढलं की मोबाईल बाहेर येतात. आणि टिळकांचंच बघा ना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग मिशनची इतकी वर्षं सेवा, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांना मोकळं. आज ते असते तर आपल्या एखाद्या कमिटीनं त्यांचं नाव 'भरकटलेले' या यादीत टाकलं असतं आणि नाताळला मात्र त्यांचीच गाणी म्हटली असती.

शंकेखोर

इतका वेळ नुसतं वाचत होते. ज्यांच्याबद्दल धागा आहे त्यांतली मी एक, म्हणून लिहिते. संभाजीनगरला राहते, एम.कॉम. आहे, ऑडिटची कामं करते.

आधी 'परत आणायचं' ही भाषा सोडा. मी हरवलेली नाही. माझा पत्ता मंडळीच्या यादीत आहे. नाताळची वर्गणी मागायला माणूस बरोबर त्या पत्त्यावर येतो.

कॉलेजात माझ्या मैत्रिणी बौद्ध होत्या. त्यांच्यात वादाची सवय आहे. बाबासाहेबांचं एखादं मत असलं तरी पोरी भांडतात, खंड काढून पान दाखवतात, मग चहा पितात. त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात जात गेली का गं?" मी ठसक्यात हो म्हणाले. त्याच सुमारास माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, दुसऱ्या मंडळीतला. आमच्या आत्यानं पहिला प्रश्न केला, "मूळचे कोण?" मुलाच्या मामांनीही तेच विचारलं. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली नाहीत आणि स्थळ गेलं. मी हे तरुण संघाच्या बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं, "असले विषय काढू नयेत, मंडळीत फूट पडते." फूट होतीच. मी ती फक्त मोठ्यानं वाचून दाखवली होती.

मग वार्षिक सभा. हिशेबाचा एक कागद घाईघाईत वाचला गेला. त्यात 'किरकोळ खर्च' ही सगळ्यांत मोठी रक्कम! मी व्हाउचर मागितली. जागेचा खटला चालू आहे, वकिलाची फी कोणत्या खात्यातून जाते तेही विचारलं. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ मागं वळून म्हणाले, "बाळ, तू चहाचं बघ." बाहेर लोक पैसे मोजून माझ्याकडून हिशेब तपासून घेतात.

देव मानतेस का असं कुणी विचारलं तर काही दिवस हो, काही दिवस नाही. हे मंडळीत सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर महिला मंडळात कुणीतरी माझ्या आईचा हात धरून म्हटलं असतं, "मुलीसाठी प्रार्थना करतोय हं." या वाक्याला मी फार भिते.

निवृत्त_मास्तर

बाळ म्हणणार नाही. मॅडम, व्हाउचर मागितलीत ते योग्यच केलंत.

पाळक_एक

सलाम. मी पाळक आहे. शहरातली एक आणि खेड्यांतल्या काही मंडळ्या माझ्याकडे आहेत. बदली कधी होईल सांगता येत नाही, त्यामुळे नावं पाठ होतात तोवर बिऱ्हाड हलतं. तरुणांची नावं तर मला लग्नाच्या अर्जावरच कळतात.

थकबाकीबद्दल कुणी लिहिलं नाही, मीच लिहितो. पाळकाचा पगार वर्गणीतून निघतो, म्हणून नियम असा पडलाय, की बाकी भरल्याशिवाय लग्न लागत नाही. मुलगा पुण्याहून येतो, लग्नाची सूचना चर्चमध्ये वाचायची असते, आणि खजिनदार त्याच्या हातात सगळ्या वर्षांची बेरीज ठेवतो. दृढीकरणानंतर मंडळी त्याच्याशी बोलली ती ही अशी. मयतीलाही मी हेच पाहिलंय. कबर खणायच्या आधी पावतीपुस्तक. हा नियम काढावा म्हणून मी कमिटीत मांडलं. बाजूनं एकच मत पडलं, माझं.

दृढीकरणाच्या वर्गात मी एक डबा ठेवला होता. नाव न घालता प्रश्न लिहा म्हटलं. उत्क्रांती, डायनासोर असलं काही येईल असं वाटलं होतं, थोडं आलंही. 'मित्राच्या घरचा प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का?' हे तर तिघांनी विचारलं. एक चिठ्ठी मात्र अजून माझ्या बायबलात आहे. गणिताच्या वहीचं चौकटीचं पान, निळी शाई, 'साक्ष' (देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगणं) हा शब्द खोडून परत लिहिलेला: 'माझी आई आजारी होती. सगळ्यांनी प्रार्थना केली. ती गेली. साक्ष फक्त बरे झालेल्यांचीच का असते?'

मी उत्तर दिलं नाही. वर्गात स्तोत्र ८८ वाचलं. इतर विलापाच्या स्तोत्रांत बहुतेक वेळा शेवटी सूर बदलतो, आशा येते. हे स्तोत्र अंधारावरच थांबतं, आणि तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे. पुढं साक्षीच्या वेळेत मंडळीतल्या एका विधवा बाईंना विनंती केली, की जे मागितलं आणि मिळालं नाही त्याबद्दल बोला. त्या बोलल्या, रडल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली, की अशानं लोकांचा विश्वास खचतो. पण त्या रविवारी मागच्या बाकावरची पोरं आशीर्वादापर्यंत बसून होती. त्यानंतर चर्च भरून गेलं वगैरे काही नाही.

शंकेखोर, येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचं नाव घेऊन तुम्हाला कुणी टोमणा मारला असेलच. योहान २० परत वाचा. तो स्पष्ट सांगतो, येशूच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आणि आठ दिवसांनी कुठं असतो? त्याच घरात, त्याच माणसांत. ते आठ दिवस बाकीच्यांनी त्याच्याशी काय बोलणं केलं ते लिहिलेलं नाही. हाकललं नाही आणि त्यालाही उठून जावंसं वाटलं नाही, एवढं मात्र दिसतं. आमच्या मंडळीत तो पहिला रविवारही काढू शकला नसता.

अग्निसेवा_परभणी

पाळकसाहेब, आदरानं सांगतो, शंका गोंजारून विश्वास वाढत नाही. विश्वास वचन ऐकण्यानं येतो. आमच्याकडंही काही मुलं जातात, नाही म्हणत नाही. पण विधवेला उभं करून न मिळालेलं सांगायला लावणं मला पटलं नाही.

तबलजी

भाऊ, बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, दुःखात देवालाच जाब विचारणाऱ्याचं, वगळून वाचता का तुम्ही? गंमत करतोय. पण 'काही मुलं जातात' हे लिहिलंत, ते बरं झालं.

दोन_दाखले

पाळकसाहेब, त्या चिठ्ठीवाल्या मुलाचं पुढं काय झालं?

पाळक_एक

मुलगा की मुलगी तेही मला माहीत नाही. शोध घेतला नाही. नाव न लिहिण्याची मुभा मीच दिली होती.

कोयतावाला_केज

आमच्या टोळीत बी दोघंजण हायेत चर्चला न येणारे. थकबाकीच्या भ्यानं येत न्हाईत. वर्गणी महिन्याला लावतेत, आमाला पैसा वर्षातून एकदा उचलीला मिळतो. तवाच घ्या की एकदम, कोण न्हाई म्हणतंय? कापणीच्या सणाला लिलावात कोंबडं बोलतो की आमी, तवा पैसा चालतो.

जालनेकरीण

सगळे प्रतिसाद महिला मंडळात वाचून दाखवले. केजकरांचं वाचताना बायकांत बराच वेळ चर्चा झाली. ईस्टरला जेवण घालायला कमिटीची परवानगी लागत नाही, चूल आमच्याच हातात आहे, तेव्हा ते होईल. नाटकाचं तरुण पोरांनी ठरवावं, आम्ही मधे पडणार नाही. कॅमेऱ्याचं मी परस्पर त्या मुलाला सांगितलं. त्यानं स्टँड फिरवला, दोन मिनिटांचं काम होतं. टॅग करणं मात्र अजून बंद झालेलं नाही.

मयतीला बाकी मागू नये हा ठराव मी आणि आणखी दोघी मांडणार आहोत. लग्नाच्या वेळचं सुटायला वेळ लागेल, कारण पगाराचं गणित खरंच तिथं अडकलंय. हप्त्यांनी किंवा हंगामाला एकदम घ्यावी हे केजकरांचं म्हणणं खजिनदारांच्या कानावर घातलं. ते 'बघू' म्हणाले नाहीत, 'लिहून द्या' म्हणाले. आमच्याकडं ही प्रगती धरतात.

जातीचं कमिटीत नेऊन काही होणार नाही. 'मूळचे कोण' हा प्रश्न आमच्या बैठकीच्या खोल्यांत विचारला जातो आणि तो विचारणाऱ्या बहुतेक आम्हीच बायका असतो. पुढच्या बैठकीला हाच विषय ठेवलाय. दोघींनी आत्ताच सांगितलं, त्या दिवशी गावाला जायचंय.

शंकेखोर, तुला एक विचारायचं होतं. आमचा मार्चअखेरचा हिशेब तपासायला बाहेरचं कुणीतरी हवंय. मानधन मिळेल, फार नाही. संभाजीनगरहून जालना तासाभराचा रस्ता. उपासनेला ये असं मी म्हणत नाही.

शंकेखोर

शनिवारी येऊ शकते. मानधनाची रीतसर पावती करू. जे दिसेल ते रिपोर्टमध्ये लिहीन, आणि तो वार्षिक सभेत पूर्ण वाचला जाईल असं कमिटीकडून आधी लेखी हवं. व्हाउचर तारखेप्रमाणे लावलेली आहेत का?

जालनेकरीण

दोन कपाटांत आहेत. एकाची किल्ली खजिनदारांकडे. दुसऱ्याची कुणाकडे ते विचारावं लागेल.

शंकेखोर

आधी ती दुसरी किल्ली शोधा, ताई. तारीख मग ठरवू.